न लिहिलेले आकडे : नेटवर्क सिम्युलेशनबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांची आहेत. प्रत्येकाचा विषय वेगळा असला, तरी दुखणं जवळपास एकच आहे. आलेख प्रोटोकॉलच्या नावावर मांडलाय, पण त्याचा आकार ठरवलाय कुठल्यातरी डिफॉल्ट आकड्यानं, जो प्रोग्राममध्ये कुणी लिहिलेलाच नाही.

प्रश्न : एनएस-३ या नेटवर्क सिम्युलेटरमध्ये दोन राउटरमधली लिंक सेकंदाला १०० मेगाबिटची ठेवली आहे. जाण्या-येण्याचा एकूण वेळ १०० मिलिसेकंद. एकदा न्यू-रेनो आणि एकदा क्युबिक (पाठवण्याचा वेग ठरवायच्या टीसीपीच्या दोन पद्धती) वापरून २० सेकंद मोठी फाइल पाठवली. दोन्हींत घेणाऱ्याकडे १०.४ मेगाबिटच पोचतात, आलेखाच्या रेघा एकमेकींवर बसतात. मार्गदर्शक म्हणतात, निष्कर्ष लिही की दोघांत फरक नाही. लिहू का? (कांदिवली)

नका लिहू. तुम्ही टीसीपीच्या दोन जातींची तुलना केलेली नाही, एकाच बफरचं माप दोनदा घेतलं आहे.

एनएस-३ मध्ये टीसीपी सॉकेटचे (प्रोग्रामच्या बाजूच्या जोडणीच्या टोकाचे) पाठवायचे आणि घ्यायचे दोन्ही बफर मुळात १,३१,०७२ बाइटचे असतात. एका फेरीत, म्हणजे तुमच्या १०० मिलिसेकंदांत, याहून जास्त माल वाटेवर राहूच शकत नाही. आता गुणाकार करा : १,३१,०७२ गुणिले ८, भागिले ०.१ सेकंद. उत्तर येतं १०.४९ मेगाबिट. तुमचा आकडा तोच आहे. लिंक पूर्ण भरायची तर वाटेवर १२.५ लाख बाइट हवेत (१०० मेगाबिट गुणिले ०.१ सेकंद, भागिले ८). रांगेत तेवढेच आणखी मावणार असतील, तर २५ लाख. म्हणून दोन्ही टोकांचे बफर ४० लाख बाइटच्या आसपास ठेवा. हे डिफॉल्ट बदलणाऱ्या ओळी प्रोग्रामच्या सुरुवातीलाच यायला हव्यात, कारण आधी तयार झालेल्या सॉकेटला नवा आकडा लागत नाही. सोबत सेगमेंटचं (टीसीपी एका वेळी पाठवतो त्या तुकड्याचं) मापही बदला. मुळात ते ५३६ बाइट असतं आणि टाइमस्टँप धरून ५२ बाइटचं हेडर प्रत्येकावर बसतं, म्हणजे सुमारे ९ टक्के लिंक हेडरमध्येच जाते. १५०० बाइटच्या चौकटीत १४४८ बसतात, तेवढं ठेवा.

अडचण बफरचीच आहे याची खात्री करायला तीन रेघा एकाच आलेखावर काढा : कंजेशन विंडो (पावती येण्याआधी किती माल सोडायचा याची पाठवणाऱ्यानं ठरवलेली मर्यादा), वाटेवरचे बाइट आणि घेणाऱ्यानं जाहीर केलेली विंडो. वाटेवरच्या बाइटांची रेघ १,३१,०७२ च्या खाली सपाट झाली आणि रांगेत एकही पॅकेट गळालं नाही, तर दोष बफरचा. या रेघा काढताना एक खाच हमखास लागते. सॉकेट जन्माला येतं ते अ‍ॅप्लिकेशन सुरू होतं तेव्हा. अ‍ॅप्लिकेशन १ सेकंदाला सुरू होत असेल आणि तुम्ही ट्रेस (आकडे टिपून ठेवणारी सोय) शून्य सेकंदाला जोडलात, तर जोडायला काही नसतंच. जुन्या आवृत्त्यांत तर चूक दाखवलीही जात नाही, फक्त फाइल रिकामी येते. ट्रेस जोडणं १.००१ सेकंदाला शेड्यूल करा.

बफर वाढवल्यावर रांग पुढे येईल. पत्ता वाटणारा हेल्पर, तुम्ही काही सांगितलं नसेल तर, प्रत्येक कार्डावर स्वतःहून एक रांग-पद्धत बसवतो. अलीकडच्या आवृत्त्यांत ती एफक्यू-कोडेल आहे. पॅकेटं रांगेत ५ मिलिसेकंदांहून जास्त वेळ रेंगाळत राहिली की ती मुद्दाम गळती सुरू करते. प्रबंधात ‘साधी ड्रॉप-टेल रांग’ (भरली की नवं पॅकेट टाकून देणारी) लिहिलं असेल आणि चालत असेल एफक्यू-कोडेल, तर परीक्षकानं विचारल्यावर उत्तर नसतं. हवी ती रांग प्रोटोकॉल स्टॅक बसवल्यानंतर पण पत्ते देण्याआधी बसवा. उलट क्रमानं केलंत तर ‘आधीच एक आहे’ म्हणून प्रोग्राम थांबतो. आणि या रांगेच्या खाली कार्डाची स्वतःची १०० पॅकेटांची रांग वेगळी असते. ती १ पॅकेटवर आणली नाही, तर तुम्ही मोजत असलेली रांग बराच काळ रिकामी दिसेल.

शेवटी वेळ. २० सेकंद फारच कमी आहेत. १२.५ लाख बाइट म्हणजे १४४८ च्या मापानं सुमारे ८६३ सेगमेंट. गळती झाली की न्यू-रेनो विंडो अर्धी करतो आणि मग प्रत्येक फेरीला साधारण एक सेगमेंट वाढवतो. ४३० फेऱ्या, म्हणजे ४३ सेकंद. पोच (माल मिळाल्याची पावती) उशिरा पाठवली जात असेल, तर दुपटीपर्यंत. विंडोच्या आलेखातल्या करवतीचा एक दातही तुमच्या २० सेकंदांत पुरा होत नाही. क्युबिक मात्र विंडो ७० टक्क्यांवर आणतो आणि त्याच्या सूत्रानं (स्थिरांक ०.४) जुन्या उंचीवर साडेआठ सेकंदांच्या आसपास परततो. दोघांतला खरा फरक हाच आहे, आणि तो दिसायला किमान ३०० सेकंद चालवा. पहिले ५० सेकंद सरासरीतून वगळा.

प्रश्न : प्रयोग दहा वेळा चालवला, दहाही वेळा शेवटच्या दशांशापर्यंत तेच उत्तर. विश्वासमर्यादा कशी काढू? (चेंबूर)

एनएस-३ चं बीज (यादृच्छिक आकडे ज्यापासून सुरू होतात तो आकडा) मुद्दाम स्थिर ठेवलेलं असतं, म्हणजे तुमचा प्रयोग दुसऱ्याला जसाच्या तसा करून पाहता यावा. बीज बदलू नका, धाव-क्रमांक बदला : १, २, ३ असं. या क्रमांकांमागे यादृच्छिक आकड्यांचे एकमेकांत न मिसळणारे प्रवाह आहेत. मनाला येईल ते बीज घालून तशी हमी मिळत नाही.

तरीही उत्तर तेच राहिलं, तर तुमच्या मांडणीत यादृच्छिक असं काही नाहीच. दोन टोकांतली सरळ लिंक आणि एक सलग फाइल यांत नशिबाला जागा कुठे आहे? इथे एक मोठा धोका लपलेला असतो. सॅली फ्लॉइड आणि व्हॅन जेकबसन यांनी १९९२ मध्ये दाखवलं, की ड्रॉप-टेल रांगेवर ठरावीक तालात चालणारे प्रवाह असले, तर फेरीच्या वेळेत किंचित बदल केल्यानंही एका प्रवाहाचा वाटा प्रचंड बदलतो. रोज नेमकी ९:१२ ची लोकल सुटताच फलाटावर पोचणाऱ्या माणसासारखं आहे हे : तो दोन मिनिटं आधी निघाला की सगळंच बदलतं, लोकलचं वेळापत्रक मात्र तेच असतं. उपाय सोपा आहे. प्रत्येक प्रवाहाची सुरुवात ० ते ५ सेकंदांत कुठेही पडू द्या आणि उलट्या दिशेनंही थोडी वाहतूक सोडा.

मग दहा धावा असतील तर सरासरीच्या दोन्ही बाजूंना २.२६२ गुणिले प्रमाण विचलन भागिले १० चं वर्गमूळ, ही ९५ टक्के मर्यादा. तीस धावांना गुणक २.०४५. एका धावेतल्या हजारो पॅकेटांच्या विलंबांना हजारो स्वतंत्र नमुने समजू नका. एकाच रांगेत पाठोपाठ उभी असलेली पॅकेटं एकमेकांवर अवलंबून असतात, आणि त्यातून येणारी मर्यादा खोटी अरुंद दिसते.

प्रश्न : ऑन-ऑफ अ‍ॅप्लिकेशनला १० मेगाबिटचा दर दिला, मिळतात ५. गळती शून्य. (गिरगाव)

ते मुळात १ सेकंद चालू आणि १ सेकंद बंद असतं. बंदचा वेळ शून्य करा.

प्रश्न : विक्रोळी ते मुलुंड ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपवरून घेऊन सुमो या वाहतूक सिम्युलेटरमध्ये २०० गाड्या चालवल्या आणि त्यांच्या हालचालींची फाइल एनएस-३ ला दिली. एओडीव्ही या मार्ग शोधणाऱ्या प्रोटोकॉलनं पॅकेट पोचण्याचं प्रमाण सुरुवातीला फार कमी, मधे बरं, शेवटी पुन्हा खाली. गर्दीचा परिणाम समजायचा का? (विक्रोळी)

गर्दीचाच परिणाम आहे, पण ती गर्दी हायवेवर नाही. सुमोसाठी गाडी ती शिरते त्या क्षणी अस्तित्वात येते. एनएस-३ साठी दोनशेच्या दोनशे नोड शून्य सेकंदापासून हजर असतात. दीडशेव्या सेकंदाला शिरणारी गाडी तोवर विक्रोळीच्या प्रवेशबिंदूवर उभी राहून दर सेकंदाला हॅलो (‘मी इथे आहे’ सांगणारा छोटा संदेश) पाठवत असते. मुलुंडला बाहेर पडलेली गाडीही शेवटच्या जागी तशीच उभी राहते. दोन्ही टोकांना रेडिओवरून बोलणाऱ्या गाड्यांचे ढीग साचतात.

सुमोची फाइल बदलून देणारं साधन कोणती गाडी केव्हा शिरली आणि केव्हा गेली याचीही वेगळी फाइल देतं. ती मागून घ्या. मग गाडी नसतानाच्या काळात तो नोड मुख्य रस्त्यापासून ५० किलोमीटर दूर, आणि एकमेकांपासूनही ५-५ किलोमीटरवर ठेवा. डेटा पाठवणारी जोडी दोन्ही गाड्या रस्त्यावर असतील त्याच वेळात चालू करा. नाहीतर पाठवलेल्या पॅकेटांत न पोचू शकणारी पॅकेटं मोजली जातात आणि प्रमाण विनाकारण पडतं. आणखी एक, नकाशा बदलताना वाहतूक डावीकडून चालते हा पर्याय द्यायला विसरू नका. सुमो मुळात उजवी बाजू धरतो.

यानंतर जे उरेल ते एओडीव्हीचं. त्यात दोन गोष्टी बघा. पहिली : हॅलो लहान असतो आणि सगळ्यांसाठी म्हणून बहुधा सावकाश दराने जातो, त्याला पोचही नसते. डेटा हजार बाइटचा आणि वेगवान दराने जातो. त्यामुळे लांबच्या गाडीचा हॅलो ऐकू येतो, मार्गही तिच्यातून ठरतो, पण डेटा तिथपर्यंत पोचत नाही. एओडीव्ही सर्वांत कमी टप्प्यांचा मार्ग निवडतो, म्हणजे नेमका सर्वांत लांबच्या, सर्वांत कच्च्या शेजाऱ्यांचा. हॅलो आणि डेटा एकाच दरावर ठेवून धाव घ्या. फरक मोठा पडला, तर तेच कारण. दुसरी : एओडीव्हीच्या मूळ आकड्यांनुसार दोन हॅलो चुकले, म्हणजे २ सेकंद गेले, की शेजारी गेला असं धरलं जातं. समोरासमोर ताशी ८० किलोमीटरनं येणाऱ्या दोन गाड्या तेवढ्यात ८९ मीटर सरकतात. फक्त हॅलोवर विसंबलात, तर मार्ग तुटल्याचं कळेपर्यंत बराच डेटा हवेत विरलेला असतो.

लहरींचं मॉडेल एकच वापरू नका. मोकळ्या मैदानाचं सूत्र या रस्त्याला लागू नाही. ट्रेलर आणि बेस्टच्या बस मधे आल्या की सिग्नल पडतो. अंतराबरोबर घटणारं मॉडेल आणि त्यावर नाकागामी चढउतार (सिग्नल यादृच्छिकपणे कमीजास्त करणारं सूत्र) अशा दोन मांडण्यांत निकालाचा क्रम तोच राहतो का, ते तपासा. क्रम उलटला, तर तसं प्रबंधात लिहा. तो तुमच्या कामातला सर्वांत उपयोगी तक्ता असेल.

प्रश्न : मुंबई–पुणे आणि मुंबई–सिंगापूर लिंकला विलंब किती द्यावा? उदाहरणातल्या प्रोग्राममध्ये २ मिलिसेकंद आहेत. (दादर)

काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद. पुण्याचे दीडशे किलोमीटर धरले तर एका बाजूचे ०.७५ मिलिसेकंद. सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर, एका बाजूचे साडेएकोणीस. समुद्री केबल श्रीलंकेला वळसा घालून जाते, म्हणून खरा आकडा याहून मोठाच. दिवसभर पिंग घ्या, त्यातली सरासरी नको, सर्वांत लहान वेळ उचला आणि निम्मी करा. सरासरीत रांगेचा वेळ मिसळलेला असतो, आणि रांग तर सिम्युलेटर स्वतः घडवणारच आहे. सरासरी दिलीत तर ती दोनदा मोजली जाईल.

प्रश्न : दोन लिनक्स लॅपटॉप जोडून नेटएमनं (विलंब आणि गळती मुद्दाम घडवणाऱ्या लिनक्सच्या साधनानं) ५० मिलिसेकंद विलंब आणि वर-खाली १० मिलिसेकंद असं दिलं. गळती दिलेली नाही, तरी १०० मेगाबिटच्या लिंकवर वेग कोसळतो. वायरशार्क (पॅकेटं टिपून दाखवणारा प्रोग्राम) पुनःप्रेषणं दाखवतो, शिवाय मधूनच १५०० बाइटांहून मोठी पॅकेटं दिसतात. (घाटकोपर)

१०० मेगाबिटवर पूर्ण भरलेली दोन पॅकेटं ०.१२ मिलिसेकंदांच्या अंतरानं निघतात. नेटएम प्रत्येकाला स्वतंत्रपणे १० मिलिसेकंद पुढेमागे करतो, त्यामुळे मागची पुढे जातात. घेणारा त्याच पोचा पुन्हा पुन्हा पाठवतो आणि पाठवणाऱ्याला वाटतं पॅकेट गळालं. वायरशार्कमध्ये ‘क्रमाबाहेर’ची गाळणी लावा, लगेच दिसेल. खऱ्या जाळ्यात विलंब हलतो तो बहुतांशी रांगा भरल्या-रिकाम्या झाल्यानं, आणि रांगेत क्रम बदलत नाही. म्हणून विलंब स्थिर ठेवा आणि चढउतार हवा असेल तर तिसऱ्या यंत्रावरून त्याच लिंकवर दुसरी वाहतूक सोडा.

ते तिसरं यंत्र तसंही लागेलच. नेटएम पाठवणाऱ्या लॅपटॉपवर ठेवू नका. लिनक्सचा टीसीपी स्वतःच्या यंत्राच्या रांगेत किती माल पडलाय हे बघून हात आखडता घेतो, आणि नेटएममध्ये थांबलेली पॅकेटं त्याला तिथेच पडलेली दिसतात. मधे दोन नेटवर्क कार्डं असलेलं जुनं यंत्र राउटर म्हणून ठेवा आणि नेटएम त्यावर लावा. त्याची मर्यादा मुळात १००० पॅकेटांची असते. तुमच्या ५० मिलिसेकंदांना सुमारे ४१७ लागतात, ते मावतील. उद्या गिगाबिटवर गेलात, तर ४,१६७ लागतील आणि न मागितलेली गळती सुरू होईल.

मोठी पॅकेटं तारेवर नसतात. कार्ड तुकडे करायच्या आधीचा किंवा जोडल्यानंतरचा गठ्ठा वायरशार्कला दिसतो. मधल्या यंत्रावर ही जोडाजोड ईथटूलनं (कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या साधनानं) बंद केलीच पाहिजे, नाहीतर नेटएम अख्खा गठ्ठा एक पॅकेट समजतो, आणि १ टक्का गळती मागितलीत की एका फटक्यात चाळीसेक सेगमेंट जातात. नोंद घेताना प्रत्येक पॅकेटचे पहिले ९६ बाइटच साठवा. हेडर त्यात येतात, आणि पूर्ण पॅकेटं साठवली तर गिगाबिटवर सेकंदाला सुमारे १२५ मेगाबाइट डिस्कवर लिहावे लागतात. लॅपटॉपची जुनी डिस्क त्याला पुरी पडत नाही, आणि मग नोंदीतूनच पॅकेटं गायब होतात. टीसीपीडम्प (पॅकेटांची नोंद घेणारा प्रोग्राम) बंद करताना शेवटी ‘कर्नलनं गाळलेली’ पॅकेटं किती ते सांगतो. तो आकडा शून्य नसेल, तर ती नोंद वापरू नका.