जुन्या घराच्या वायरिंगमध्ये नियमाबाहेरचं काय आहे, हे कसं ओळखावं?

तुम्ही म्हणता घर जुनं आहे, दिवे-पंखे सगळे नीट चालतात, मग वायरिंगमध्ये खोट असली तरी कळणार कशी? 'चालतंय ना' हाच यातला मोठा चकवा. मी वायरमन आहे. मूळ वायरिंग बहुधा त्या काळच्या नियमाला धरून केलेलं असतं. पुढे 'एवढा एक पॉइंट वाढवून द्या' करत करत त्याची वाट लागते.

त्यामुळे बोर्ड उघडण्याआधी मी एकच विचारतो: पूर्वी फ्यूज उडायचा आणि आता उडत नाही, असं झालंय का? 'हो' आलं की माझे कान टवकारतात. कुणीतरी फ्यूजला जाड तार घातलेली असते, नाहीतर मोठा एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच) बसवलेला असतो. १.५ चौरस मिमीच्या वायरवर ३२ अँपिअरचा एमसीबी असेल तर वायर तापून इन्सुलेशन वितळेल, तरी तो ढिम्म हलणार नाही. एमसीबी असतो वायरला वाचवायला, गिझरला नव्हे. न्यूट्रलमध्येही, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेतही, फ्यूज दिसला तर तो काढायला सांगा. तो उडाला की दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज, म्हणजे वीज आणणारी तार, जिवंतच राहतो. स्विच न्यूट्रलमध्ये जोडला असेल तरी हाच धोका. बंद केलेला एलईडी मिणमिणत राहतो, त्याचं हे एक कारण असू शकतं.

आता अर्थिंग, म्हणजे गळालेली वीज जमिनीत नेणारी जोडणी. तीन भोकांचं सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहे, असं मुळीच नाही. कधी तिसरी पिन रिकामी असते. ते एकवेळ परवडलं, पण काही महाभाग सॉकेटच्या आतच अर्थ आणि न्यूट्रल वायरच्या तुकड्याने जोडून देतात. पुढे न्यूट्रल कुठे तुटला की मशीनच्या पत्र्यात थेट फेज उतरतो. तीन दिव्यांचा प्लग-टेस्टर अशा सॉकेटलाही 'ठीक' म्हणतो! मल्टीमीटर सराईतपणे वापरता येत असेल, तर त्या सॉकेटवर इस्त्री चालू ठेवून न्यूट्रल-अर्थमधला व्होल्टेज बघा. खरं अर्थिंग असेल तर थोडासा तरी आकडा दिसतो. अगदी शून्य आला तर मी ते सॉकेट उघडून बघतोच, अर्थात मेन बंद करून. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) असेल तर उत्तमच, पण त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर तो पडला म्हणून अर्थिंग आहे असं धरू नका. ते बटण अर्थिंगशिवायही काम करतं.

बाकी नुसती टेप गुंडाळलेले जोड, गरम लागणारा स्विच, प्लगाभोवतीचा काळा डाग हे तर बघून किंवा हात लावूनच कळतं.

आणि कापडी किंवा रबरी वेष्टणाची वायर सापडली तर वाकवून बघू नका, कडक झालेलं वेष्टण हातात गळून येतं. तिथे तपासत बसण्यात अर्थ नाही, ती बदलायचीच.