लहान हाताला सेबरची (फेन्सिंगमधल्या तलवारीची) ग्रिप, म्हणजे मूठ

प्रश्न: माझे हात लहान आहेत, सेबर धरला की बोटं पुरत नाहीत आणि थोड्या वेळात मनगट भरून येतं. काय करू?

उत्तर: आधी ग्लोव्ह घालूनच ग्रिप धरून बघा, कारण जाड ग्लोव्हमुळे पण पकड बिघडते. सेबरला फॉइलसारखी (फेन्सिंगमधली दुसरी तलवार) पिस्टल ग्रिप, म्हणजे पिस्तुलासारखी मूठ नसते, सरळच असते, त्यामुळे जाडी आणि लांबी हेच बघायचं, अंगठा ग्रिपच्या पाठीवर सपाट बसला आणि तर्जनी सैल वळली की झालं, बाकीची बोटं फक्त आधाराला! लहान साइजची बारीक ग्रिप मिळते तीच घ्या, पण ती आखूड असेल तर ब्लेडचा टँग (पात्याचा ग्रिपच्या आत जाणारा भाग) बाहेर येतो, तो जाणकाराकडूनच कापून घ्या. आणि प्लीज, घट्ट आवळू नका, मनगट त्यानेच दुखतं बहुतेक.