मोटरहोमच्या लांब सहलीहून कुत्र्यासह परतताना

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. मोटरहोममधली, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीतली, दोन महिन्यांची सहल आटोपून उरलेलं 1100 किलोमीटर अंतर दोन दिवसांत तोडावं का, इंजिन सुरू झालं की कुत्रा धापा टाकत येरझाऱ्या का घालतो, आणि त्याला मागच्या पलंगावर झोपवून आणलं तर चालेल का. पलंगापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन्हींची बरीचशी उत्तरं तिथेच आहेत.

पलंगावर नको. ताशी 50 किलोमीटर वेगात गाडी कशावर आदळून थांबली, तर मोकळ्या कुत्र्यासाठी ते सुमारे 10 मीटर उंचीवरून पडण्यासारखं असतं. ताशी 80 ला हाच आकडा 25 मीटरच्या घरात जातो. पलंगापासून पुढच्या सीटपर्यंत मधे त्याला अडवणारं काही नसतं, म्हणजे तुमचाही जीव धोक्यात. शिवाय बहुतेक मोटरहोममध्ये मागचा पलंग मागच्या चाकांच्याही पलीकडे असतो आणि गाडीचा सगळ्यात जास्त हेलकावा तिथेच बसतो. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली, जमिनीलगतची जागा सर्वांत स्थिर. तिथे घट्ट बांधलेला क्रेट (कुत्र्याचा प्रवासाचा पिंजरा) ठेवा, किंवा छातीच्या हार्नेसला पट्टा लावून तो सीटबेल्ट जिथे गाडीला पक्का जोडलेला असतो तिथे अडकवा. गळपट्ट्याला मात्र कधीच अडकवू नका, झटक्यात मानेला इजा होते. पुढच्या सीटवर एअरबॅग असेल तर तीही जागा बाद.

आता धापा. याला तीन कारणं असू शकतात आणि ती वेगवेगळी ओळखता येतात. ओठ चाटणं, जांभया, लाळ गळणं, सारखं गिळणं दिसलं तर मळमळ समजा. निघण्याआधी तीन-चार तास हलकं खाणं द्या, त्यानंतर फक्त पाणी. तरीही थांबलं नाही तर पशुवैद्याला मॅरोपिटंटबद्दल विचारा. प्रवासातल्या उलट्यांसाठी ते कुत्र्यांना देतात, पण निघण्याच्या किमान दोन तास आधी द्यावं लागतं. आपल्या कपाटातली माणसांची गोळी देऊ नका. नुसती गुंगी आणणारी औषधंही मला पटत नाहीत. काहींनी शरीर सुस्त होतं, पण भीती तशीच राहते.

दुसरं कारण उष्णता. पुढच्या एसीचा गारवा चालकापर्यंत पोचतो आणि मागच्या भागात घुसमट होते, हे पुढे बसणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. कुत्र्याच्या उंचीवर एक साधा तापमापी चिकटवा आणि प्रत्येक थांब्याला वाचा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38 ते 39 अंशांच्या आसपास असतं. 41 च्या वर गेलं की जिवावर बेततं. तसं वाटलं तर आधी अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि मगच दवाखान्याकडे निघा.

तिसरं कारण आवाज, आणि दोन महिन्यांनंतर मला याचाच संशय जास्त येतो. इतक्या प्रवासात स्क्रू सैल होतात, कपाटाची दारं कुरकुरतात, भांडी एकमेकांवर वाजतात. आपल्याला 20,000 हर्ट्झच्या पुढचं ऐकू येत नाही, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून जास्त ऐकू येतं. कोणीतरी मागे बसून अर्धा तास नुसतं ऐका. भांड्यांमध्ये टॉवेल कोंबा, पडद्यांच्या पट्ट्या बांधा, स्क्रू आवळा. यानेच शांत झालेले कुत्रे मी पाहिले आहेत.

आता अंतर. दोन दिवसांचा बेत सोडून द्या. दिवसाला 550 किलोमीटर म्हणजे मोटरहोमच्या वेगाने थांबे धरून दहा तास. दोन महिने तो तुमच्या सावकाश लयीत जगला आहे आणि शेवटी एकदम त्याला डांबून ठेवायचं, हे त्याच्यावर अन्यायाचं आहे. चार दिवस करा: तीन दिवस 300 आणि शेवटी 200. शेवटचा टप्पा छोटाच हवा, म्हणजे दुपारी उजेडात घरी पोचाल. सीमा ओलांडायची असेल तर कागदपत्रं आधी बघा. काही देश प्रवेशापूर्वी 24 ते 120 तासांच्या दरम्यान पशुवैद्याने फीतकृमीचं औषध दिल्याची नोंद मागतात, तो हिशेब या चार दिवसांत बसायला हवा.

दर दोन तासांनी थांबा. दार उघडण्याआधी पट्टा लावा. अनोळखी थांब्यावर बिथरून पळालेला कुत्रा सापडणं फार कठीण असतं. मायक्रोचिपला (ओळखीसाठी कातडीखाली बसवलेल्या चिपला) जोडलेला फोन नंबर चालू आहे ना, ते आजच तपासा. ‘दोनच मिनिटं’ म्हणूनही त्याला बंद गाडीत सोडू नका. बाहेर 24 अंश असताना बंद कार दहा मिनिटांत 34 च्या आसपास आणि अर्ध्या तासात 40 च्या वर जाते, काच किंचित उघडी ठेवली तरी फारसा फरक पडत नाही.

घरी पोचल्यावरचं तुम्ही विचारलं नाहीत, पण तेही सांगतो. दोन महिने तो चोवीस तास तुमच्याजवळ होता. दुसऱ्याच दिवशी सगळे कामावर गेलात तर तो रडेल, दार ओरबाडेल. शक्य असेल तर एक-दोन दिवस सुट्टी वाढवा, आधी दहा मिनिटं एकटं ठेवा, मग अर्धा तास, मग जास्त. गाडीतलं त्याचं अंथरूण न धुता घरात आणा, त्या वासाने तो लवकर स्थिरावतो. पिसवा दिसल्या तर मात्र लगेच गरम पाण्यात धुवा.

त्याच संध्याकाळी अंगभर हात फिरवून गोचीड शोधा: कानात, बोटांच्या बेचक्यांत, काखेत, गळपट्ट्याखाली, शेपटीच्या मुळाशी. आणि पशुवैद्याला कुठे कुठे फिरलात ते सांगून ठेवा. गोचिडांमुळे होणारा एर्लिकिओसिस काही आठवड्यांनी डोकं वर काढतो, वाळूमाशीमुळे होणारा लीशमॅनिआसिस कधी कधी महिने किंवा वर्षं घेतो. तेव्हा ताप आला, वजन उतरलं, तर सहलीचा संदर्भ कोणाला आठवत नाही आणि निदान लांबतं.

तुमच्या गाडीत पलंग, टेबल आणि दार कुठे आहे ते कळवा, म्हणजे क्रेट कुठे बांधता येईल ते नेमकं सांगतो.