गच्चीवर झाडं छान वाढतात, पण घरात लागेल एवढी भाजी निघत नाही. तोडणी कशी आणि कधी करावी?

तुम्ही लिहिलंय की भेंडी छातीएवढी वाढलीय, मिरचीला फुलं आहेत, मेथी-कोथिंबीर उगवून येते, आणि तरी आठवड्यात एका वेळची भाजीसुद्धा होत नाही. म्हणजे माती, पाणी आणि ऊन बऱ्यापैकी जमलंय. माझा संशय तोडणीवर आहे. घरच्या बागेत भाजी तोडायला माणसाला जीव होत नाही. 'अजून जरा भरू दे' म्हणत आपण थांबतो आणि झाड आपल्या कामाला लागतं. त्याला बी धरायचं असतं. एकदा बी भरायला लागलं की नव्या फुलांची त्याला फारशी घाई उरत नाही.

भेंडीत हे सगळ्यात लवकर कळतं. फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. तिथून पाचव्या-सहाव्या दिवशी भेंडी तोडण्याजोगी होते. उन्हाळ्यात एक दिवस उशीर झाला तरी फरक पडतो. मंडईत आपण टोक मोडून बघतो तीच परीक्षा इथेही लावा: कट्कन तुटलं तर कोवळी, नुसतंच वाकलं तर जून. दिवसाआड फेरी मारायचीच, आणि पानं उचलून खोडालगत बघायचं, कारण एखादी तरी तिथे लपून लाकूड झालेली असते. ती खाण्याजोगी नसली तरी काढून टाका. झाडाची ताकद तीच खात असते. हाताने पिळून तोडलीत तर खोडाची साल सोलून येते, म्हणून कात्री घ्या. लवेने हात खाजत असतील तर पूर्ण बाहीचा जुना शर्ट घाला.

आता थोडा हिशेब. चौघांच्या घराला एका वेळी साधारण अर्धा किलो भेंडी लागते. तुमची झाडं चार. दर फेरीला मूठभर भेंडी निघणार, ती कितीही चांगली वाढवली तरी. एक तर दहा-बारा झाडं लावा, नाही तर न धुता, कोरडी करून, कापडी पिशवीत घालून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस साठवा. भेंडी टिकते. दोनच कुंड्यांची जागा असेल तर मी भेंडीच्या वाटेला जाणार नाही. मिरची, कढीपत्ता, पुदिना लावेन. थोडंच लागतं पण रोज लागतं, अशा गोष्टींनाच कुंडी परवडते.

मिरचीचं गणित सोपं आहे. हिरवी तोडत राहिलात तर येत राहते, लाल करायला ठेवलीत तर वेग मंदावतो. लाल हव्या असतील तर एक झाड त्यासाठी वेगळं सोडा. गवार आणि चवळी शेंगेत दाणा हाताला लागायच्या आत खुडायची. टोमॅटो मात्र झाडावर पूर्ण लाल होईपर्यंत ठेवायची गरज नाही. खालच्या टोकाला गुलाबी-पिवळी झाक आली की काढा आणि घरात टोपलीत ठेवा, तो पिकतो. तेवढ्यात पक्षी आणि फळ पोखरणारी अळी यांच्या तावडीतून सुटतो. फ्रिजमध्ये कच्चा ठेवू नका, चव जाते.

कोथिंबिरीबद्दल जरा जास्त लिहितो, कारण बहुतेकांचं तिथेच अडतं. धणा म्हणजे जोडबी. पोळपाटावर लाटण्याने हलका दाब देऊन त्याच्या दोन फाका करा, पीठ नको. रात्रभर भिजवा, सकाळी पेरा. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर माती सुकू द्यायची नाही. महिना-सव्वा महिन्यात कापायला येते. उपटू नका. बुंध्याशी दोन बोटं देठ ठेवून, बाहेरच्या काड्या आधी, अशी कात्रीने कापा. मधला कोंब राहिला तर पुन्हा फुटते, पण एक-दोनदाच. पानं बारीक, शेपूसारखी दिसायला लागली की ती फुलावर चालली असं समजा आणि सगळी कापून घ्या. ऊन तापलं की ती लवकर फुलावर येते. मार्च ते मे दुपारच्या सावलीत ठेवली तरी थोडीच साथ देते, त्याला इलाज नाही. एकदम सगळी कुंडी पेरण्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी एक ओळ पेरा. नाही तर एका आठवड्यात कोथिंबीरवड्या आणि पुढचा महिनाभर बाजार.

मेथी दोन-तीन दिवसांत उगवते आणि तीन-चार आठवड्यांत कापता येते. खालची दोन-तीन पानं ठेवून वरचा शेंडा खुडा, बगलेतून पुन्हा फुटवे येतात. फारच घाईत असाल तर मुंबईत मिळणाऱ्या समुद्रमेथीसारखं करा. ती वेगळी भाजी नव्हे. वाळूत दाट पेरलेली मेथीच कोवळेपणी मुळासकट उपटून इवल्या जुड्या बांधलेल्या असतात. उथळ ट्रेमध्ये वाळू-मातीत हे सहज होतं. पालकाची बाहेरची पानं काढायची, मधला गाभा सोडायचा. अळूचंही तसंच. ते मोरीच्या पाण्यावर वाढतं तसं सतत ओलं मात्र हवं.

कढीपत्त्याची पानं ओरबाडू नका. काडीच कापा, डोळ्याच्या, म्हणजे फुटवा येतो त्या जागेच्या, थोडं वर, म्हणजे तिथून दोन फांद्या फुटतात. थंडीत त्याची वाढ जवळपास थांबते, तेव्हा हात आखडता घ्या. गवती चहा जमिनीपासून चार-पाच इंच ठेवून कापला की पुन्हा येतो. तुळशीच्या मंजिऱ्या खुडत राहिलात तर पानं मोठी आणि भरपूर येतात. बी हवं असेल तेवढ्याच ठेवा.

पालेभाजी सकाळी काढा, तेव्हा ती पाण्याने भरलेली असते. दुपारची काढलेली तासाभरात मान टाकते. कडुनिंबाच्या तेलाची फवारणी केली असेल तर दोन-तीन दिवस थांबून, धुऊनच वापरा.

खताबद्दल विचारलंत. दर पंधरा-वीस दिवसांनी मूठभर गांडूळखत पुरे. मिरची, टोमॅटोचं झाड गर्द हिरवंगार झालंय आणि फूल नाही, अशी अवस्था असेल तर नत्र जास्त झालंय. मग शेणपाणी, युरिया, जे घालताय ते बंद करा.

आता गणपती होऊन गेलेत, पाऊस ओसरतोय. जून झालेली भेंडी उपटून त्या कुंड्यांत शेणखत मिसळा, चार दिवस उन्हात तापवा आणि मेथी, पालक, कोथिंबीर पेरा. थंडीत यांच्याएवढं दुसरं काही देत नाही. भेंडीचं बी ठेवायचं असेल तर एका झाडावरच्या दोन शेंगा पूर्ण वाळू द्या, पण पाकिटावर 'संकरित' लिहिलेलं असेल तर ती खटपट नको. पुढचं झाड तसंच येईल याची खात्री नसते.