झाला, आला, पोचला आणि वॉज

प्रश्न : मॅडम, मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात कामाला आहे. हळद बाहेरच्या राज्यात जाते आणि पार्ट्यांना मेल करायचं काम हल्ली माझ्याच गळ्यात पडलंय. परवा मी लिहिलं, 'मटेरियल वॉज रीच्ड येस्टर्डे बट पेमेंट वॉज नॉट केम.' मालकांची मुलगी कॉलेजला आहे, ती वाचून हसत सुटली. तिनं मला 'हॅज बीन सेंट' शिकवलं, मी दुसऱ्या दिवशी 'हॅज बीन सेंट येस्टर्डे' लिहिलं तर म्हणाली हे पण चूक. मग वॉज कधी, हॅज बीन कधी, आणि पॅसिव्ह करायचंच कशाला?

उत्तर : दादा, हसू दे तिला. आपल्याकडं आला, पोचला, झाला, पाठवला, सगळ्यांच्या शेवटी 'ला', त्यामुळं आपण दिसेल त्याला वॉज चिकटवत सुटतो. 'ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड' तर मी इतक्या वह्यांत खोडलंय की आता लाल पेन आपोआप तिकडं वळतं.

माझा एक घरगुती उपाय आहे. मराठी क्रियापदाला 'गेला' जोडून बघायचं. 'माल पाठवला गेला' बरोबर वाटतं ना, मग तिथं पॅसिव्ह बसतं, 'वॉज सेंट'. आता 'माल पोचला गेला', 'अपघात झाला गेला', 'पेमेंट आलं गेलं' म्हणून बघा, कानालाच खटकतं. ही क्रिया त्या वस्तूचीच आहे, तिच्यावर दुसऱ्या कुणी केलेली नाही, म्हणून वॉज काढायचं आणि 'मटेरियल रीच्ड यू येस्टर्डे' एवढंच लिहायचं. ('रीच'चं पॅसिव्ह होतं बरं का, दोन पार्ट्यांचा करार होतो तेव्हा ॲग्रीमेंट वॉज रीच्ड म्हणतात, पण तुमच्या ट्रकला ते लागू नाही.) उपाय शंभर टक्के नाही, 'चुकून हसलं गेलं' असं आपण म्हणतोच आणि त्याचं इंग्रजी पॅसिव्ह होत नाही, पण यार्डातल्या मेलपुरता पुष्कळ झाला.

आता येस्टर्डेची भानगड. मराठीत 'काल पाठवलाय' बिनधास्त चालतं, आपण रोज बोलतो. इंग्रजीत हॅज किंवा हॅव आलं की संपून गेलेली वेळ शेजारी बसत नाही, काल नाही, गेल्या सोमवारी नाही, 1929 तर नाहीच. आपला सांगलीचा आयर्विन पूल घ्या, 'द ब्रिज वॉज ओपन्ड इन 1929', इथं हॅज बीन घातलं की वाक्य बिघडलं. वेळ सांगायची नसेल आणि समोरच्याला आत्ताची स्थिती कळवायची असेल तर 'द मटेरियल हॅज बीन सेंट', म्हणजे माल निघालाय, तुम्ही गोडाऊन रिकामं करा. आणि मधलं बीन विसरू नका, 'मटेरियल हॅज सेंट' म्हणजे मालानंच कुणाला तरी काहीतरी पाठवलं असा अर्थ होतो.

पॅसिव्ह कशाला, तर करणारा कोण हे महत्त्वाचं नसतं तेव्हा. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांबद्दल, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांबद्दल लिहायचं तर 'टर्मरिक वॉज स्टोअर्ड इन अंडरग्राउंड पिट्स', कुणी साठवली ते कशाला, बोलणं हळदीचं चाललंय. आणि उधारीच्या मेलमध्ये तर पॅसिव्ह म्हणजे सोनं आहे! 'यू हॅव नॉट पेड' लिहिलं की पार्टी भडकते, 'द पेमेंट हॅज नॉट बीन रिसीव्ह्ड येट' लिहिलं की मागणी तीच पण बोट कुणाकडंच नाही. याच गुणाचा लोक गैरफायदा पण घेतात. मला एका ऑफिसातून पत्र आलं होतं, 'युअर फॉर्म हॅज बीन मिसप्लेस्ड', ग्रामर एकदम चोख, हरवला कुणी त्याचा पत्ता नाही, आणि फॉर्म परत मीच भरला.

प्रश्न : सातारा. मी बीए फर्स्ट इयरला आहे. 'मी आंबा खाल्ला' हा कर्मणी प्रयोग आहे असं शाळेत शिकलो, मग इंग्रजीत 'आय एट अ मँगो' ॲक्टिव्ह कसं?

उत्तर : कर्मणी म्हणजे पॅसिव्ह असं कुणीतरी कधीतरी सोपं करून सांगितलं आणि तेव्हापासून हा घोळ आहे. कर्मणीत क्रियापद कर्माच्या लिंगावचनाप्रमाणं बदलतं एवढंच, आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं, खाणारा मात्र तूच आणि बोलणं पण तुझ्याबद्दलच. 'मी आंबा खाईन' म्हण, लगेच कर्तरी होतं, म्हणजे क्रियापद कर्त्याप्रमाणं चालतं, पोळी घाल नाहीतर केळं घाल, खाईन ते खाईनच. म्हणजे तू तिथंच आहेस, काळ बदलला म्हणून प्रयोग बदलला. इंग्रजी पॅसिव्हच्या जवळ जाणारं आपलं वाक्य 'आंबा खाल्ला गेला', आणि ते आपण आईनं पाहुण्यांसाठी ठेवलेला असला तरच म्हणतो.