कोविडच्या लॉकडाऊनमध्ये घरात मार खाणाऱ्या बायकांना मदत मिळणं इतकं अवघड का झालं? पुन्हा तशी साथ आली तर काय करावं?

बाई घराबाहेर पडू शकेल, निदान फोनवर मोकळेपणाने बोलू शकेल, हे गृहीत धरूनच आपली मदतयंत्रणा उभी आहे. 25 मार्च 2020 पासून दोन्ही वाटा बंद झाल्या. नवरा चोवीस तास समोर, घर दोन खोल्यांचं, फोन त्याच्या हातात किंवा रिचार्ज संपलेला. माहेरी जावं तर एसटी बंद, जिल्हा ओलांडायला पोलिसांचा पास. राष्ट्रीय महिला आयोगाने 10 एप्रिलला तक्रारींसाठी व्हॉट्सॲप क्रमांक सुरू केला, ते योग्यच झालं. बोलता येत नाही तेव्हाही चार शब्द टाइप करता येतात.

दवाखान्याकडे मात्र फार कमी लोकांचं लक्ष गेलं. अंगदुखीचं निमित्त करून बाई ओपीडीत येते आणि तिथे खरं सांगते, हे ओळखूनच वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी ‘दिलासा’ केंद्र सुरू झालं. साथीत ओपीडी आटली की हे निमित्तही जातं, आणि जखमेची नोंद न झाल्याने पुढे कोर्टात कागद कमी पडतो.

म्हणून जखमांचे फोटो त्याच दिवशी काढा: एक चेहरा दिसेल असा, एक जवळून. विश्वासातल्या माणसाला पाठवा आणि आपल्या फोनमधून, ट्रॅशमधूनही, काढून टाका. आधार, रेशनकार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले यांचंही तसंच करा. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ आधी तपासा, कारण बऱ्याचदा नवऱ्याच्या लॅपटॉपवर सगळं उघडं असतं. बहिणीशी किंवा शेजारणीशी एक साधं वाक्य ठरवून ठेवा. ‘वाटीभर डाळ आहे का?’ म्हटलं की तिने 112 या आपत्कालीन क्रमांकावर फोन करायचा. सल्ला हवा असेल तर 181 ही महिला हेल्पलाइन. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 4 नुसार संरक्षण अधिकाऱ्याला (या कायद्याखाली सरकारने नेमलेला अधिकारी) कोणीही कळवू शकतं, आणि हेतू प्रामाणिक असेल तर कळवणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. शेजाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी आहे.

सर्वांत जास्त चुकतं ते पोलीस ठाण्यात. ‘त्याला फक्त समज द्या’ म्हटलं की एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून प्रकरण मिटतं, आणि बाईला परत त्याच बंद घरात जावं लागतं. त्याऐवजी याच कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांकडे कलम 12 चा अर्ज करा. घटना अहवाल संरक्षण अधिकारी तयार करतात, वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अर्जात कलम 23 खाली अंतरिम (निकालाआधीचा तात्पुरता) आदेश स्पष्ट शब्दांत मागा. शपथपत्रावरून दंडाधिकारी नवऱ्याला न ऐकताही तो देऊ शकतात. माहेरी अडकला असाल तर तिथल्याच कोर्टात अर्ज चालतो (कलम 27).

साथीच्या काळात तर कलम 19 खालचा, राहत्या घराबाबतचा आदेश आवर्जून मागावा. आधारगृहात नव्या बाईला घेण्याआधी चाचणीचा अहवाल मागतात, वेगळी खोली नसते. अशा वेळी तिने मुलांना घेऊन भटकण्यापेक्षा नवऱ्यालाच घराबाहेर काढण्याचा आदेश घेणं जास्त न्याय्य आहे. घर त्याच्या नावावर असलं तरी हे मागता येतं. सासू-नणंदेला मात्र या कलमाखाली घराबाहेर काढता येत नाही. त्यांच्यापासून त्रास असेल तर कलम 18 खाली संरक्षण आदेश मागा. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आदेशाची प्रत पोलीस ठाण्यात पोचल्याची पोच मात्र घ्या; ती नसली की ‘आमच्याकडे काही आलेलं नाही’ हे उत्तर ठरलेलं.