एनएफएलमधला (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) कोणता वाइड रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू, हॉल ऑफ फेमच्या (खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीच्या) लायकीचा, हे कसं ठरवायचं?

कारकिर्दीतले एकूण यार्ड (पास झेलून संघाला मिळवून दिलेलं अंतर) मी सगळ्यात शेवटी बघतो. कारण १९७८ साली नियम बदलला: खेळ सुरू होतो त्या रेषेपासून पाच यार्डांपलीकडे बचावपटूला रिसीव्हरला धक्काबुक्की करता येईना. त्यानंतर पास फेकून खेळणं वाढतच गेलं. त्यामुळे आजचे आकडे जुन्यांशेजारी ठेवून तुलना करणं हा जुन्यांवर सरळ अन्याय आहे. डॉन हटसनचे ९९ टचडाउन झेल (गोलरेषेपलीकडे नेऊन गुण मिळवून देणारे झेल) बघा. तो १९३५ ते १९४५ खेळला, तेव्हा संघ मुख्यतः धावूनच खेळत. १९४२ मध्ये त्याने एकट्याने १७ टचडाउन झेल घेतले!

म्हणून माझा पहिला प्रश्न: त्याच्या काळात तो सर्वोत्तम दोघा-तिघांत होता का, आणि किती वर्षं? केल्विन जॉन्सन नऊच हंगाम खेळला, पण २०१२ मध्ये त्याने १,९६४ यार्ड काढले. २०२१ साली पहिल्याच प्रयत्नात निवड झाली, आणि ती योग्यच होती. स्टर्लिंग शार्पला मात्र २०२५ उजाडावं लागलं. मानेच्या दुखापतीने सात हंगामांत खेळ संपला, पण त्यातल्या तीन हंगामांत लीगमध्ये सर्वाधिक झेल त्याचेच. इतकी वाट बघायला लावायला नको होती.

सुपर बोलच्या (एनएफएलचा अंतिम सामना) विजेत्यांना मिळणाऱ्या अंगठ्यांना मी फार वजन देत नाही, ते संघाचं यश. आणि जेरी राइस (२२,८९५ यार्ड) हा मापदंड धरू नका, त्या मापाने कॅन्टनचं (हॉल ऑफ फेम असलेलं शहर) दार कुणालाच उघडणार नाही.